चौथ्यांदा तपासलेली लाइन

१

अकरा पांढऱ्या गाड्यांना लाल बंपर गेले, तिथून या प्रकरणाला सुरुवात झाली.

चाकणच्या गव्हाणे प्लास्टिक्समध्ये मोटारींचे बंपर बनतात. जवळच्या मोठ्या मोटार कंपनीत ज्या रंगाची गाडी रांगेत पुढे येते, त्याच रंगाचा बंपर त्याच वेळी दारात हजर लागतो. रंगांचा हा क्रम आधी गव्हाण्यांच्या भोसरीच्या हेड ऑफिसला कळतो आणि तिथून इंटरनेटच्या लाइनीवरून चाकणला जातो. सोमवारी साडेदहाला तो तुटक तुटक पोचला, निम्मा उशिरा आणि निम्मा नाहीच. पोरांनी अंदाजाने टेम्पो भरला आणि मोटार कंपनीचं काम चाळीस मिनिटं ठप्प झालं.

मंगळवारी मालकांनी चाकणच्या कपाटातली फाइल मागवली. ही लाइन निवडण्याआधी तिच्या चाचण्या घेतल्या होत्या, त्या सगळ्या चाचण्या त्या फाइलमध्ये होत्या. कपाट उघडलं तर फाइल जाग्यावर नव्हती.

बुधवारी सकाळी मला मोबाइलवर फोन आला.

मी युसुफ अत्तार. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं लाइनी तपासल्या. आता दापोडीत एकटा राहतो. बायको झुलेखा जाऊन तीन वर्षं झाली, मुलगा रमीज बंगळुरात असतो. घरी अजून लँडलाइन ठेवली आहे. तिच्यावर कुणाचाही फोन येत नाही. मी रोज सकाळी रिसीव्हर उचलतो, टोन ऐकतो, लाइन जिवंत आहे एवढी खात्री करतो आणि परत ठेवतो. रमीज म्हणतो, अब्बा, बंद करून टाका. मी म्हणतो, बघू.

फोन मालकांचा, विलास गव्हाण्यांचा होता. भोसरीचं जुनं घराणं, पैसा आला पण बोली तीच राहिली.

"युसुफभाई, आमच्या वडलांच्या वर्कशॉपात पयला फोन तुमीच बसवला. आता ही फाइल कुनी पळवली त्ये बी तुमीच सांगा. न्हाईतर शनवारी त्या पोरीचा राजीनामा घेनार हाय मी."

"कुठल्या पोरीचा?"

"रुबीना बागवान. लाइन तिनंच निवडली, चाचन्या खोट्या असनार म्हनून फाइल बी तिनंच लपवली. खाई त्याला खवखवे! अजून काय पायजे?"

शनिवारला तीन दिवस होते.

२

रुबीना भोसरीच्या ऑफिसात बसते. कंपनीचे सगळे कॉम्प्युटर आणि लाइनी तिच्याकडे. वय चौतीस. पिंपळे गुरवला ती आणि तिची आठ वर्षांची नबीला, दोघीच राहतात. घर हिच्या पगारावर चालतं. डोळे रडून सुजले होते, पण बोलणं ठाम होतं.

"चाचा, माझ्यापुढे दोन लाइनी होत्या. एक फक्त आपल्यासाठी, लेखी हमीवाली. एवढा वेग मिळेलच, बिघडली तर अमुक तासांत दुरुस्त करूच. पण ती यायला दोन महिने लागणार होते. दुसरी आसपासच्या कारखान्यांत वाटून दिलेली. तिला हमी नाही, पण पंधरा दिवसांत मिळणार. लाइनवाल्यांनी ती आधी तात्पुरती जोडून दिली. चाचणीत ती हमीवालीच्या तोडीस तोड आली, म्हणून मी घेतली."

"चाचणी तू घेतलीस?"

"नाही, देवधर सरांनी. चाकणचे मॅनेजर. मला भोसरी सोडून जाता येत नाही. मी म्हटलं, एकदा तपासा. त्यांनी चारदा तपासली. एवढं मनापासून कोण करतं, चाचा?"

तिने सप्टेंबरातल्या मेलचा छापील कागद पुढे केला. पहिली चाचणी, दुसरी, तिसरी, चौथी. सकाळी दहापासून पाचपर्यंत दर तासाचा आकडा लिहिलेला. लाइनीची चाचणी साधी असते. इकडून साद घालायची आणि तिकडून ओ यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. इथे दर वेळी सेकंदाच्या हजार भागांपैकी बारा भागांत ओ आलेली. एकही साद वाया गेली नव्हती. मी नोकरीत असतो तर अशी लाइन पाहून पेढे वाटले असते.

"ही मेल कुणाकुणाला गेली होती?"

"मालक, देवधर सर, लाइनवाल्यांचा अनिश, मी. सगळ्यांकडे आहे."

"मग फाइलमध्ये याहून वेगळं काय होतं?"

ती विचारात पडली. "मूळ कागद. देवधर सरांच्या अक्षरातले. तारखा, सह्या वगैरे."

"तारखा आठवतात?"

"तारखा कोण बघतं, चाचा? मी आकडे बघितले."

ऑफिसातून निघताना माझ्या मागोमाग कुणी आलं नाही, पण तिचं वाक्य आलं. आकडे चार जणांकडे होते. फाइल पळवून आकडे लपणार नव्हते. मग चोराने नेमकं लपवलं काय?

३

चाकणला पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. आधी लाइनीला माझा चाचणीचा प्रोग्राम लावला. शंभर सादा घातल्या, नऊ हवेत विरल्या. उरलेल्यांची ओ कधी चाळीस, कधी तीनशे भागांत. रुबीनाच्या कागदावरची लाइन हीच यावर माझा विश्वास बसेना.

लाइनवाल्या कंपनीचा अनिश तिथेच होता. मंगळवारीही तो येऊन गेला होता.

"सर, लाइन ओके आहे," तो म्हणाला. "वाटून घेतलेली लाइन म्हणजे शेजारी जास्त वापरतील तेव्हा तुम्हाला कमी मिळणार. ते कागदावर लिहिलंय आम्ही. मी मॅडमना हमीवालीच सुचवत होतो. त्या म्हणाल्या, तुमच्या लाइनीचे आकडेच बोलतायत. आता मी काय आपल्याच मालाला नावं ठेवू?"

पोरगा चलाख होता, पण फाइल त्याने नेली नसणार. त्या फाइलमध्ये त्याच्या मालाचं कौतुक होतं, ती त्याने फ्रेम करून भिंतीला लावली असती. रुबीनाचंही तेच. चार चाचण्या बघून निवड केली हे सांगायला तिच्याकडे ती एकच ढाल होती. बुडणारा माणूस आपलीच होडी फोडत नाही.

श्याम देवधर भेटले ते जेवणाच्या सुट्टीत. एकोणसाठ वर्षांचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. खांद्याला डब्याची कापडी पिशवी होती. कँटीनच्या टेबलावर बसले तेव्हाही ती त्यांनी मांडीवरच ठेवली आणि जेवण मात्र कँटीनचंच घेतलं.

"डबा आणलाय ना?" मी विचारलं.

"अं? हो. आज नको वाटला."

"चाचण्या तुम्ही घेतल्या होत्या. आकडे चांगले आलेत."

"चांगलेच होते, अत्तारसाहेब. मी स्वतः बसून घेतले. खोटं काही नाही त्यात." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "रुबीनाही खोटं करणारी नाही."

"मग फाइल कुठे गेली?"

त्यांनी पाण्याचा ग्लास संपवला. "उद्या येणार असाल तर कुणी भेटणार नाही. गुरुवार आहे."

भोसरी-चाकणकडे बहुतेक कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. इथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं असतं.

"तुम्ही काय करता गुरुवारी?"

देवधरांचा चेहरा खुलला. "नातू मला सोडत नाही! रहाटणीला आम्ही सगळे एकत्र असतो. मागच्या गुरुवारी त्याला सायकल शिकवली. गुडघा फोडून घेतला पठ्ठ्याने, पण रडला नाही."

बाजूचा फोरमन हसून म्हणाला, "सरांच्या नातवाच्या गोष्टी आम्हाला दर शुक्रवारी असतात."

मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? माझा गुरुवार आणि माझा मंगळवार यांत फरक ओळखायला मला कॅलेंडर लागतं.

जेवणाची सुट्टी चालू असतानाच मी परत येऊन सहज स्क्रीनकडे बघितलं. लाइन अचानक सुधारली होती. दोन वाजता भोंगा झाला, आसपासच्या कारखान्यांतले लोक कामावर बसले आणि ती पुन्हा लंगडायला लागली.

पाचला निघालो. गेटवर एक गुबगुबीत काळं कुत्रं लोळत होतं. वॉचमन साहेबराव मराठवाड्याकडचा, त्याने त्याला प्रेमाने पायाने ढकललं.

"ह्यो काळू. कँटीनचं खाऊन माजलाय."

"आणि गुरुवारी? कँटीन तर बंद असतं."

"गुरुवारी बी उपाशी ऱ्हात न्हाई त्यो," साहेबराव बोलून गेला.

"का? कोण घालतं?"

"मला काय ठावं न्हाई, सायब. मी गरीब मानूस." आणि तो गेट लावायला वळला.

४

गुरुवारी मला कुणी बोलावलं नव्हतं. पण सकाळी टोन ऐकला, रिसीव्हर ठेवला, भिंतीकडे बघितलं आणि भोसरीहून चाकणची बस धरली. मालकांची चिठ्ठी खिशात होती. साहेबराव मला बघून गडबडला, पण चिठ्ठी वाचून त्याला गेट उघडावंच लागलं.

बंद कारखाना फार मोठा वाटतो. मशिनींवर पांघरुणं घातलेली, घड्याळाची टिकटिक ऐकू येणारी. मी लाइनीला प्रोग्राम लावला. दहा वाजता बारा. अकराला बारा. साडेअकराला अकरा. शंभर सादांना शंभर ओ. काल लंगडणारी लाइन आज हरणासारखी पळत होती.

मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. छत्तीस वर्षं काय झक मारली मी!

चौथ्या मजल्यावरच्या नळाला पाणी येतं का ते बघायचं असेल, तर सगळी बिल्डिंग अंघोळीला उठलेली असताना बघावं लागतं. बिल्डिंग गावाला गेली असेल तर पाणी धो धो येणारच. ही लाइन शेजारच्या कारखान्यांत वाटलेली. गुरुवारी शेजारीपाजारी कुणीच नसतं. तिच्या चारही चाचण्या कुठल्या वारी झाल्या होत्या, हे आता मला फाइल न बघता सांगता येत होतं. रुबीनाने आकडे बघितले, तारखा बघितल्या नाहीत. चोराला फाइलमधल्या तारखाच लपवायच्या होत्या.

पण गुरुवारी इथे येणार कोण? ज्याने चाचण्या घेतल्या, तो तर म्हणे दर गुरुवारी रहाटणीत नातवाला सायकल शिकवत असतो.

तेवढ्यात बाहेर काळूचं आनंदाचं भुंकणं ऐकू आलं. ते मागच्या दारापाशी गेलं, आत शिरलं आणि थांबलं. मी कॉरिडॉरमध्ये आलो. मॅनेजरच्या केबिनमधला पंखा फिरत होता.

५

देवधर टेबलाशी बसले होते. पुढे डबा उघडा होता आणि अर्धी चपाती काळूच्या तोंडात होती. मला बघून ते उभे राहिले.

"चष्मा विसरला होता, तो न्यायला आलो."

"चपात्या घेऊन?"

ते खाली बसले. मी समोरची खुर्ची ओढली.

"देवधर, मी सांगतो, चुकलं तर थांबवा. रुबीनाने एकच चाचणी मागितली होती, तुम्ही चार घेतल्या. चारही गुरुवारी. चालू दिवशी जुनी लाइन काढून नवी लावता येत नाही, कारण रंगांचा क्रम थांबेल. म्हणून सुट्टीचा दिवस निवडला, यात लबाडी काही नाही. आकडेही खरेच आहेत. पण मंगळवारी मालकांनी फाइल मागितली आणि तुम्हाला तारखा दिसल्या. चार, अकरा, अठरा, पंचवीस."

"तारखा तुम्हाला कशा माहीत?"

"सप्टेंबरातले गुरुवार आहेत, भिंतीवर कॅलेंडर आहे. मला कळत नाही ते एवढंच, की चुकीच्या दिवशी चाचणी घेतली ही गफलत आहे, गुन्हा नाही. मालक चार शिव्या देऊन मोकळे झाले असते. त्यासाठी फाइल का लपवली?"

देवधरांनी काळूच्या डोक्यावरून हात फिरवला.

"घरी कुणी नसतं, अत्तारसाहेब," ते म्हणाले. "मुलगा, सून, नातू दोन वर्षांपूर्वी मेलबर्नला गेले. बायको त्याआधीच गेली. शुक्रवारी सगळे विचारायचे, सर, काल काय केलं? काहीच नाही म्हणायला लाज वाटली. एकदा म्हटलं, नातवाचा दात पडला. मग पुढच्या शुक्रवारी परत विचारलं. दोन वर्षं झाली. तो सायकल कधीच शिकलाय, तिकडे, त्याच्या बापाकडून. व्हिडिओवर दाखवली मला."

"आणि गुरुवारी इकडे."

"साहेबरावला सांगितलं होतं, वहीत नोंद करू नकोस. नुसता बसायचो. मग रुबीनाने चाचणी सांगितली. पहिल्यांदाच यायला कारण मिळालं. एक झाली, वाटलं अजून एक घ्यावी. फाइल बाहेर आली असती तर पहिला प्रश्न हाच आला असता, सर, तुम्ही चार गुरुवार इथे काय करत होतात? नातू कुठे होता?"

मला त्यांची इतकी दया आली की त्याच दयेने माझं डोकं फिरलं.

"आणि रुबीना?" मी टेबलावर थाप मारली, काळू दचकलं. "परवा तिचा राजीनामा घेतायत! रहाटणीत नसलेल्या नातवासाठी पिंपळे गुरवातल्या एका खऱ्या पोरीच्या ताटातली भाकरी काढून घेणार तुम्ही? एकटेपणा मलाही आहे, देवधर. घरी गेलो की भिंतीशी बोलतो मी. पण म्हणून दुसऱ्याच्या मानेवर सुरी नाही ठेवत!"

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी कापडी पिशवी उलटी केली. आतून फाइल निघाली. मंगळवारपासून ती त्यांच्या खांद्यावरच होती, घरी ठेवायचाही धीर झाला नव्हता.

"तुम्ही सांगा मालकांना," ते म्हणाले. "माझ्याच्याने होणार नाही."

"मी लाइनीचा अहवाल देईन," मी म्हणालो. "गुरुवारचं तुमचं तुम्ही सांगायचं. नाही सांगितलंत तर मात्र मी सांगीन."

मी त्यांना माझ्या लँडलाइनचा नंबर लिहून दिला. शनिवारपर्यंत त्यांचा फोन आला नाही.

६

शनिवारी भोसरीच्या ऑफिसात विलासराव, रुबीना आणि मी बसलो. रुबीनाने राजीनामा लिहूनच आणला होता. घडी घातलेला कागद तिच्या मुठीत चुरगळला होता. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले, देवधरांचा पत्ता नव्हता. मालकांनी हात पुढे केला. "आना त्यो कागद."

मी तोंड उघडणार इतक्यात दार ढकलून देवधर आत आले. उभ्यानेच त्यांनी फाइल टेबलावर ठेवली.

"फाइल मी लपवली," ते म्हणाले. "चाचण्या गुरुवारी घेतल्या, म्हणून चुकल्या. आणि मी गुरुवारी येतो, कारण घरी माझं कुणी नाही. नातू मेलबर्नला असतो. दोन वर्षं मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोललो."

एवढं एका दमात बोलून त्यांनी खुर्चीचा आधार घेतला. पहिल्यांदा बोलली ती रुबीना.

"तारखा मीही बघायला हव्या होत्या, सर. लाइनीच्या ऑर्डरवर सही माझी होती." मग ती थेट त्यांच्याकडे बघून म्हणाली, "पण तीन दिवस तुम्ही मला चोर ठरू दिलंत."

"हो," देवधर म्हणाले.

मालकांनी राजीनामा घेतला आणि फाडला. हमीवाली लाइन मागवायची, ती येईपर्यंत रंगांचा क्रम फोनवर वाचून दाखवायचा आणि यापुढे कुठलीही लाइन सोमवार ते शनिवार ऐन कामाच्या वेळी तपासल्याशिवाय घ्यायची नाही, असं ठरलं. मधला एक गुरुवार वगळून, अशी भर रुबीनाने हसून घातली. मग मालक देवधरांकडे वळले.

"नोकरी ऱ्हाईल तुमची. पन मागच्या दाराची चावी द्या हिकडं. गुरुवारी गेट बंद म्हंजे बंद. घरी बसा जरा."

विलासरावांना वाटलं, त्यांनी फार सौम्य शिक्षा दिली. चावी टेबलावर ठेवताना देवधरांचा चेहरा फक्त मी बघितला. त्या माणसाकडून त्याचा एकुलता एक गुरुवार काढून घेतला होता, आणि ते काम मीच केलं होतं.

७

पुढच्या गुरुवारी सकाळी मी सवयीने रिसीव्हर उचलून टोन ऐकला. तपासात रुबीना निर्दोष सुटली याचं समाधान होतं. नबीलाने केलेलं एक वेडंवाकडं आभाराचं कार्ड रुबीनाने पाठवलं होतं, ते मी आरशाला लावलं होतं. तरी मन जागेवर नव्हतं. रहाटणीत एक माणूस काळूच्या वाटणीच्या चपात्या समोर घेऊन बसला असेल, हे डोळ्यांपुढून हलेना.

दहा वाजता घरात कसलातरी कर्कश आवाज सुरू झाला. मी आधी गॅस बघितला, मग दाराची बेल बघितली. चौथ्यांदा वाजल्यावर लक्षात आलं की तीन वर्षांत हा आवाज मी ऐकलाच नव्हता.

"हॅलो?"

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"देवधर?"

"हो. काही विशेष नाही, अत्तारसाहेब." ते घाईने म्हणाले. "तुमची लाइन चालू आहे का, ते तपासायला केला."

मी खुर्ची ओढून फोनजवळ बसलो.

"गुरुवारी तपासून काय कळतं, देवधर?" मी म्हणालो. "सोमवारीही करा."